दातांना अस्तर

भिंगरी गेली तेव्हा माझी दाताच्या डॉक्टरकडची वेळ आधीच ठरलेली होती. ती तिनेच ठरवली होती. भिंगरी म्हणजे माझी धाकटी बहीण. एका जागी टेकायची नाही म्हणून आईने लहानपणी ठेवलेलं नाव, पन्नाशी गाठली तरी तेच राहिलं. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि तिथून माझा पिच्छा पुरवायची. "ताई, खालचे दात बघ जरा आरशात, एकमेकांच्या डोक्यावर चढून बसलेत. वेळ घेतलीय मी, गुपचूप जा." मी म्हटलं होतं, या वयात दात सरळ करून दाखवायचेत कुणाला? मग एका सकाळी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि दुपारपर्यंत ती संपली. मी तिकडे जाऊन आले. आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती वेळ लिहिलेली दिसली, म्हणून गेले. दुसरं काही कारण नव्हतं. त्या दिवसांत जे पुढ्यात येईल ते मी करत होते.

डॉक्टर पोरसवदा होती, पण हात चांगला होता. हात मला कळतो. माझ्या तोंडात आरसा फिरवत तिने विचारलं, "तुम्ही दात आवळता का?"

"कशावर?"

"कशावर असं नाही. काम करताना, झोपेत."

"झोपेत मी झोपलेली असते," मी म्हटलं. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

तिने समजावून सांगितलं. काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची दातांची कव्हरं, एकामागून एक, प्रत्येक आधीच्यापेक्षा केसभर वेगळं. एक पंधरा दिवस घालायचं, मग पुढचं. दिवसरात्र तोंडात, फक्त खाता-पिताना काढायचं. धुवायचं ते गार पाण्यात, गरम लागलं तर आकार बिघडतो. अलाइनर म्हणतात म्हणे. मी मनात त्याला अस्तर म्हटलं. आत काय आहे ते लोकांना दिसू नये आणि वरचं कापड सरळ पडावं, म्हणून आम्ही अस्तर लावतो, त्यातलाच प्रकार.

अस्तरं तयार होऊन आली तेव्हा दातांवर तिने बारीक बारीक ठिपके चिकटवले, अस्तर धरून ठेवायला. मग दात सरकायला जागा करायची म्हणून दोन दातांच्या फटीत कानशीसारखी पट्टी फिरवायला घेतली. "बधीर करायचं इंजेक्शन देऊ?"

"कशाला?"

"बरं, दुखलं तर हात वर करा."

मी हात वर केला नाही. मला काही वाटलंच नाही.

आमचं दुकान कपडे दुरुस्तीचं. बाहेर उंची कमी करणे, कंबर वाढवणे, चेन बदलणे असं लिहिलंय. आत दोन मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, आणि मास्तर. मास्तर म्हणजे कटिंग करणारे, माझ्यापेक्षा वयाने मोठे आणि जिभेने त्याहून मोठे. माझी कामाची पद्धत अशी की टाचण्या ओठांत धरायच्या आणि एकेक काढत कापडाला लावत जायचं. पिनकुशन मनगटाला बांधणाऱ्या बाया वेगळ्या. मी शिकले तशी शिकले. टाचण्या ओठांत ठेवून मी गिऱ्हाइकाला "वळा", "हात खाली", "श्वास सोडा" इतकं सगळं स्पष्ट सांगते. इतक्या वर्षांत एक टाचणी गिळली नाही. धागा दातानेच तोडते. आता हे दोन्ही बंद झालं.

"काय बाई," मास्तर म्हणाले, "आज तोंडात टाचण्या नाहीत, तर तुम्ही बोलायला लागाल. आमचं कसं व्हायचं?"

"शांत बशा," मी म्हटलं, आणि थबकले. मला बसा म्हणायचं होतं. जीभ प्लास्टिकला अडली आणि स ओला झाला.

मास्तरांनी कात्री खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. मग परत कापायला लागले.

त्या संध्याकाळी एक कोट सकाळपर्यंत द्यायचा होता. उशीर होणार, म्हणून घरी फोन केला. आई माझ्याकडेच असते. तिला डोळ्यांनी उजेड-अंधार एवढंच कळतं, आणि डोक्यातल्या गोष्टी आता जागच्या जागी नसतात. दिवसा नर्सबाई असतात, मी घरी पोचले की त्या जातात.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. भिंगरी गेल्याचं आईला मीच सांगितलं. ती ऊर बडवून रडली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि म्हणाली, "भिंगरीचा फोन कसा आला नाही अजून?" मी परत सांगितलं. ती परत तशीच रडली, कारण तिच्यासाठी ती पहिलीच वेळ होती. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा नर्सबाईंनी माझा दंड धरला. त्यानंतर मी कानाला खडा लावला. सांगताना मी एकदाही रडले नाही. कुणीतरी सांगणारं लागतं, आणि सांगणाऱ्याला रडून चालत नाही. म्हटलं, नंतर रडू. नंतर ते आलंच नाही. तोंड धुवावं, कुलूप लावावं, बस पकडावी, तसे दिवस जात होते.

भिंगरीचा फोन रोज संध्याकाळी यायचा आणि तो झाला की आई जेवायला बसायची. अनेक वर्षांचा शिरस्ता. आता फोन येईना आणि आई जेवेना. "येऊ दे की तिचा फोन, घाई काय आहे?" असं म्हणत ताटापुढे बसून राहायची. सकाळी दोन घास, संध्याकाळी काही नाही. तिचे झगे मी दोनदा शिवण मारून आत घेतले. घरी येणाऱ्या डॉक्टरांनी तिचं मनगट धरून मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, असंच चाललं तर दाखल करून नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात एकदा नळी आत गेली की ती सहसा बाहेर येत नाही. मी "बरं" म्हटलं आणि त्यांचा चहाचा कप विसळला.

तर त्या संध्याकाळी फोन आईनेच उचलला. ती तिथेच बसलेली असणार.

"आई, मला उशीर होईल. सूप घे, सगळं संपव."

त्या एवढ्याशा वाक्यात किती स होते देव जाणे, पण एकही नीट आला नाही.

पलीकडे खुर्ची करकरली. मग आई म्हणाली, "भिंगरी? अगं होतीस कुठे इतके दिवस?"

माझी दातखीळ बसली. भिंगरीचा स जन्मापासून ओला होता. दात तिचे मोत्यासारखे, पण जीभ त्यांच्यामध्ये यायची. लहानपणी मी तिची नक्कल करायची, "शाखर दे, शरबत दे," की ती भोकाड पसरायची. आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, नक्कल करू नकोस तिची. एरवी आम्ही दोघी अशा, की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. आवाजही एकच. फरक होता तो त्या एका अक्षराचा.

मी म्हणायला हवं होतं, आई, मी मोठी बोलतेय. मी म्हणाले, "कामात होते गं."

"काम, काम. फोन करायला काय जड झालं होतं? जेवलीस का?"

"जेवले. तू जेव."

"जेवते की. तुझाच फोन यायचा होता. ही मोठी नुसती डोक्यावर बसते, जेव, जेव. मी म्हटलं येऊ दे फोन, मग जेवेन."

कोट पुरा करून मी घरी गेले, तर नर्सबाई दारातच उभ्या. "कुणाचा तरी फोन आला होता," त्या म्हणाल्या. "पोटभर जेवल्या. वर आणखी मागितलं." त्यांनी पिशवी खांद्याला लावली, दोन पायऱ्या उतरल्या आणि वळल्या. "उद्याही करा."

आत आई अंथरुणावर बसून हसत होती. "मोठे, भिंगरीचा फोन आला होता."

मी अस्तर काढून मुठीत धरलं होतं. "हो का? काय म्हणाली?"

"बरंच काही. तिने पडदे बदललेत. निळे लावलेत म्हणाली."

असलं मी काही बोलले नव्हते. म्हटलं, "निळे छान दिसतील."

अशी सुरुवात झाली. मी रोज दुकानातून निघायच्या आधी मागच्या खोलीत, कापडांच्या ताग्यांमध्ये उभी राहून फोन करायचे. मग घराच्या जिन्यात क्रोशाच्या सुईच्या मागच्या टोकाने अस्तर काढायचं, कारण नखं मी ठेवत नाही, ते डबीत घालायचं, आणि मोठी होऊन वर जायचं. वर गेल्यावर भिंगरी काय म्हणाली ते आईकडून ऐकायचं. त्यातलं निम्मं आईचं स्वतःचं असायचं. एकदा तर भिंगरीने मला नवीन मशीन घ्यायचा सल्ला दिला होता. मला वाईट वाटलं का? नाही. खोटं बोलतेय असंही वाटलं नाही. आई जेवत होती. तिच्या झग्याची एक शिवण मी परत बाहेर घेतली, तेव्हा जीव जरा भांड्यात पडला.

फोनवर आई माझ्याबद्दलही बोलायची. ते ऐकायला मजा नव्हती.

"मोठी कशी आहे?" मी विचारायचे. भिंगरी विचारायचीच ना.

"आहे की. घुम्यासारखी येते, घुम्यासारखी जाते. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी. काही विचारलं की हूं."

"कामाने दमत असेल."

"दमायला काय झालं, दमली तर दमलेय म्हणावं माणसाने. ही लहानपणापासून अशीच. तू पडलीस की घर डोक्यावर घ्यायचीस. ही पडली तर मला दोन दिवसांनी फ्रॉक धुताना रक्त दिसायचं." आई थांबली. "तू बोल गं तिच्याशी. तुझं ऐकते ती."

"बोलते," मी म्हटलं.

ताग्यांना टेकून मी उभी राहिले. गालाच्या आत जिथे अस्तराची कड घासते तिथे जीभ लावून बघितली. सोललं होतं. दुखत होतं बहुतेक.

मग स सुधारायला लागला.

दुसरी कुणी असती तर महिनाभर बोबडी राहिली असती. मला काय, तोंडात काहीतरी धरून स्पष्ट बोलायची आयुष्यभराची सवय. टाचण्या चालल्या, तिथे प्लास्टिक काय चीज? पंधरवडा संपायच्या आत माझी जीभ त्या अस्तराला सरावली. एका संध्याकाळी मी फोन केला आणि पहिल्याच वाक्यावर आईचा आवाज बदलला.

"कोण बोलतंय?"

"आई, मी."

"मी कोण? हे बघा, माझ्या मुलीचा फोन यायचाय. लाइन मोकळी ठेवा."

आणि तिने फोन ठेवला. वर गेले तर ताट झाकलेलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच.

तिसऱ्या दिवशी मी काय केलं, तर पुढच्या नंबरचं अस्तर काढलं. त्याची वेळ आली नव्हती. ते दातांवर बसेना, दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, डॉक्टरने दिलेली रबरी नळी चावून चावून बसवलं. हिरड्यांपर्यंत कळ गेली. आरशासमोर म्हणून बघितलं: सुई, सूत, सदरा. तिन्ही ओले. मी फोन केला.

"भिंगरी! बाई, काल एक कुणी रॉंग नंबर डोकं खात होती."

त्या रात्री आई जेवली.

तेव्हापासून हा उद्योग चालला. अस्तर अंगवळणी पडलं की पुढचं. नवीन घातलं की जीभ दोन दिवस बावचळायची, तेवढे दोन दिवस भिंगरी यायची. मग मी काहीतरी सबब सांगून ठेवायचे, उद्या प्रवासात आहे, फोन लागणार नाही, तू जेवून घे. आई तेवढ्यावर कशीबशी एखादा दिवस काढायची. मग परत पुढचं. सगळे दात ठणकायचे. पाव दुधात बुडवून खायचे मी. मास्तर म्हणाले, "बाई, गाल सुजलाय." मी म्हटलं, सुजू दे. पाकिटात पुढची अस्तरं होती, ती संपतील तेव्हा काय, हा विचार मी करत नव्हते. विचार करायचा म्हटलं की डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं.

दाताच्या डॉक्टरने मात्र पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. तोंड उघडलं तर अस्तराची कड दातापासून सुटलेली, आत फट. "हे कितवं घालून आलात?"

मी सांगितलं.

तिने चष्मा काढला. "हे आत्ता कुठून आलं? मी सांगितलं होतं ना, पंधरा दिवसांआधी बदलायचं नाही? घाई काय आहे तुम्हाला?"

"मला सवय होते," मी म्हटलं.

"सवय व्हायलाच तर पाहिजे."

"मला नको आहे."

तिने चष्मा परत घातला. मग आवाज खाली आणून म्हणाली, "हा दात हलायला लागलाय. असंच केलंत तर तो पडेल. मागचं घाला, आणि मी सांगेपर्यंत तेच. पुढची पाकिटं माझ्याकडे ठेवून जा." मी पर्स उघडली आणि पाकिटं टेबलावर ठेवली. भांडायला हवं होतं. मी तिरसट आहे असं सगळे म्हणतात, पण त्या दिवशी मला तेवढंही जमलं नाही.

मागचं अस्तर तर जिभेच्या ओळखीचं. स एकदम स्वच्छ. मी दोन संध्याकाळी फोन केलाच नाही. तिसऱ्या संध्याकाळी केला, तर लाइन मोकळी ठेवा. नर्सबाईंनी निघताना सांगितलं, आज पाणीसुद्धा ढकललं. आईचे डॉक्टर परवा सकाळी येणार होते. ते काय म्हणणार ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात दुपारी मी नक्कल करायला सुरुवात केली. दुसरं राहिलंच काय होतं? मशीन थांबवून हळूच म्हणून बघायची. शुई. शूत. शदरा. मला वाटलं होतं सोपं जाईल, लहानपणी इतकी केली होती. पण नुसता श म्हणून भागत नव्हतं. तिच्या स मध्ये श पुरा नव्हता, वाऱ्याची बारीक फुंकर होती, दातांमधून निसटल्यासारखी. पुन्हा पुन्हा म्हटलं. मास्तर इस्त्री करत होते. त्यांनी इस्त्री उभी केली.

"नवीन बसवलं का?"

"नाही."

"मग?"

मी सुईत दोरा ओवायला घेतला. मास्तर भिंगरीला ओळखत होते. ती आली की दुकानात येऊन त्यांच्या डब्यातलं खायची, आणि त्यांना "मास्तर" म्हणताना तो स असा काही यायचा, की ते मुद्दाम तिला तीनतीनदा हाक मारायला लावायचे. त्यांनी इस्त्रीचा प्लग काढला. "मी जरा खाली जाऊन येतो," म्हणाले आणि गेले. दुकान बंद व्हायची वेळ झाली तरी आले नाहीत. मीच कुलूप लावलं.

त्या दिवशी मागच्या खोलीतून फोन केला नाही. म्हटलं, घराजवळ असावं, काही झालं तर. आमच्या खालच्या मजल्याच्या जिन्यात, वळणावर उभी राहिले. तिथून आमचं दार दिसतं. आत फोन वाजला तो मला दोन्ही कानांनी ऐकू आला, एकात फोनमधून, एकात दारातून.

"हॅलो," आई म्हणाली. आवाज कागदासारखा झाला होता.

मी जीभ दातांमध्ये घातली. "आई, मी भिंगरी. कशी आहेस? सूप घेतलंस का?"

 मला वाटलं, साधलं. मला वाटलं, आता विचारेल, होतीस कुठे.

"मोठे," आई म्हणाली.

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नक्कल करू नकोस तिची. किती वेळा सांगितलं? रडते ती."

आवाजात राग नव्हता. दमलेला होता. स्वयंपाकघरातून यायचा ना, हातातलं काम न थांबवता, तसाच. वरच्या दाराकडे बघितलं तर दाराखालून उजेडाची पट्टी दिसत होती.

"दे तिला फोन," आई म्हणाली. "मी बोलते तिच्याशी. समजावते तिला."

मी जीभ परत दातांमध्ये घातली, मग काढली. 

"दे ना गं. तिथेच असेल ती."

"आई," मी म्हटलं. माझ्या आवाजात, माझ्या स्वच्छ जिभेने. "ती इथे नाही."

"रडवलंस ना तिला?"

"नाही आई. ती नाही रडत."

आई ऐकत होती. दिसत नाही तेव्हापासून ती फार ऐकते. मीही तेव्हाच ऐकलं, जिन्यात कुणीतरी हुंदके देत होतं. मोठ्याने, लाज सोडून, भोकाड पसरल्यासारखं. खालच्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि परत बंद झालं.

"मग कोण रडतंय?" आईने विचारलं.

मी पायरीवर बसले. क्रोशाची सुई न शोधता अस्तर बोटांनीच ओढून काढलं. ते मी मुठीत धरलं.

"मी, आई," मी म्हटलं. "मी रडतेय."

"तू?" ती म्हणाली.  मला रडू आवरत नव्हतं, आणि तिने फोन ठेवला नाही.

"मग घरी ये," ती शेवटी म्हणाली. "मी जेवायची थांबलेय."